मस्कतला राहिलेली कवळी

माझे वडील गावी वारले तेव्हा त्यांचे दात मस्कतला होते.

म्हणजे कवळी. अण्णा त्याच्या दीड वर्ष आधी तीन महिने आमच्याकडे, मस्कतच्या वादी कबीर भागात राहायला आले होते. (आई आली नाही, घरी म्हैस व्यायची होती.) त्या मुक्कामात त्यांना मी नवी कवळी करून दिली. इतकी फिट्ट बसली की अण्णा आरशासमोर उभं राहून स्वतःला ओळख दाखवायचे. उद्घाटन मिश्काकवर झालं. मिश्काक म्हणजे काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेले मटणाचे तुकडे, इथं रस्त्याकडेला मिळतात. अण्णांनी सात काड्या संपवल्या आणि आठवीकडे पाहून म्हणाले, "बाबू, आता मरायला हरकत नाही."

फक्त जेवताना ते कवळी लावायचे. एरवी ती बेसिनजवळ स्टीलच्या वाटीत पाण्यात असायची. परतीच्या दिवशी मी दारात उभा राहून ओरडत होतो, "अण्णा, यल्ला यल्ला, चला लवकर! काउंटर बंद होईल!" अण्णा घाईघाईने निघाले. वाटी तशीच राहिली. (विमान त्या दिवशी दोन तास उशिरा सुटलं. हे मुद्दाम सांगतोय, म्हणजे माझ्याबद्दल तुमचं मत लवकर पक्कं होईल.)

गावी पोचल्यावर त्यांचा फोन आला. "बाबू, विमानात कोंबडी देतात रे. मी ती बघत बसलो."

"अण्णा, कवळी मी लगेच पाठवतो."

"सावकाश पाठव. घाई नाही."

इथंच घात झाला. घाई नाही म्हटलेली कामं मी फार मनापासून करत नाही. आणि गंमत अशी की मी मस्कतमधल्या एका कंपनीत डिस्पॅच बघतो. सहमला पंप, सलालाला पाइप, कुठे दोन डझन नळ, सगळं वेळेवर पोचतं. माझं नाव आहे त्या बाबतीत. अण्णा स्वतः पोस्टमास्तर होते. भर पावसात, ओढ्याला पाणी असताना लोकांची पार्सलं त्यांनी पोचती केली. अशा माणसाच्या पोटी मी आलो आणि एक मूठभर वस्तू मला गावी पाठवता आली नाही.

दर शुक्रवारी फोन व्हायचा. "कुणी येतंय का रे गावाकडं?" अण्णा सहज विचारल्यासारखं विचारायचे. कधी मी म्हणायचो, तो माणूस कालच गेला. कधी म्हणायचो, त्याचं सामान फार आहे. कधी म्हणायचो, दात कुणाबरोबर पाठवायचे अण्णा, लोक हसतील. एकदा म्हणालो, "तिकडेच दुसरी करून घ्या ना."

"ती चांगली बसली होती रे," अण्णा म्हणाले. "आणि मी दुसरी केली आणि तू नेमकी पाठवलीस तर? दोन घेऊन काय करू?"

चौदा महिने हा कार्यक्रम चालला. त्या चौदा महिन्यांत अण्णा मऊ भात खात होते. मग एके दिवशी दुपारी झोपले ते उठले नाहीत.

माझा पासपोर्ट व्हिसाच्या नूतनीकरणासाठी गेला होता. अग्नी चुलतभावाने, सुऱ्यादादाने दिला. दहाव्याला मी मोबाइलवर हजर होतो. नदीकाठी पिंड ठेवलेला, समोर आंब्यावर ओळीने कावळे बसलेले, आणि एकही खाली येईना. गुरुजी लांब सरले, मंडळी लांब सरली. कावळे आपले बसून. सव्वाअकराचं ऊन, भावकी उपाशी, प्रत्येकजण पुढे येऊन हात जोडून काहीतरी कबूल करत होता. आई म्हणाली, म्हैस विकणार नाही. सुऱ्यादादा म्हणाला, बांधावरून भांडणार नाही. (तो अजून भांडतो.) शेवटी त्याने मोबाइल आंब्याकडे धरला. "बाबू, तू बोल. कावळ्याला सांग."

मी ऑफिसच्या स्टोअरमध्ये पाइपांच्या मागे उभा राहून, कानात इअरफोन घालून, दबका आवाज काढून कावळ्याला सांगितलं, "अण्णा, आईला मी सांभाळीन. घराची कौलं बदलीन. सईला मराठी नीट शिकवीन." मध्येच रेंज गेली. परत आली तेव्हा कावळे तिथंच होते.

एक म्हातारे काका म्हणाले, "तुझ्याकडेच काहीतरी अडलंय बाबू. आठव."

आठवायचं काय त्यात? मला पक्कं ठाऊक होतं. एक शब्द उच्चारायचा होता, 'कवळी'. अख्खी भावकी कान देऊन उभी होती आणि तो शब्द काही माझ्या तोंडातून निघाला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी जेवायला गेली.

तेव्हापासून आईचा दर फोनला एकच प्रश्न. "काय राहिलं असेल रे त्यांच्या मनात?" आणि माझं एकच उत्तर. "काही नसतं गं आई. वय झालं होतं." पासपोर्ट मिळाल्यावर मी चार दिवस गावी जाऊन आलो. कवळी पँटच्या खिशात घेऊन गेलो होतो, गुपचूप नदीत सोडायची म्हणून. पण आई सावलीसारखी बरोबर. नदीवर जातो म्हटलं की म्हणायची, "थांब, मी पण येते." तशीच ती खिशात परत आली. बिस्किटांच्या निळ्या डब्यात, दोऱ्याच्या रिळांखाली मी ती दडवली आणि झाकण लावलं. म्हटलं, खलास. विषय संपला.

त्यानंतर मेक्सिको आला.

सई माझी मुलगी, वय वर्षं दहा. तिच्या शाळेत देशोदेशीच्या रीतीभातींचा आठवडा होता आणि तिच्या गटाला मेक्सिको मिळाला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिकडे गेलेल्या माणसांचा सण असतो. घरात पायऱ्यापायऱ्यांची आरास मांडतात, वर माणसाचा फोटो, भोवती झेंडू, मेणबत्त्या, पाणी, मीठ, साखरेच्या कवट्या, त्याच्या आवडीचं जेवण आणि त्याच्या वापरातल्या वस्तू. ते सगळं घरी मांडून त्याचा व्हिडिओ शाळेत द्यायचा होता.

"बाबा, आपण आजोबांचं करू या," सई म्हणाली.

"आपल्यात असं नसतं. आपल्यात श्राद्ध असतं."

"सेमच आहे ना? फक्त ते लोक रडत नाहीत. दे आर हॅपी, की आजोबा घरी येणार."

अण्णा घरी येणार हे ऐकून मला घाम फुटला. आले तर पहिल्यांदा काय मागतील हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "दुसरं कुणीतरी घे. तुझ्या आईचे आजोबा घे."

"ते मला माहीतच नाहीत. आजोबा माहीत आहेत."

मनाली, म्हणजे माझी बायको, लेकीच्या बाजूने. तिने खवा आणून उकडीच्या मोदकाच्या सराईत हाताने अकरा कवट्या वळल्या आणि डोळ्यांच्या जागी लवंगा टोचल्या. इतक्या सुबक झाल्या की तीच घाबरली. सईने रंगीत कागदाच्या पताका कातरल्या. झेंडूच्या पाकळ्यांची दारापासून वाट घातली, कारण त्या वासाने माणसाला घर सापडतं. आता वाद उरला तो जेवणाचा.

"आजोबांना मिश्काक आवडायचं," सई म्हणाली.

"श्राद्धाला मटण?" मनाली म्हणाली. "देवघराच्या समोर? मुळीच नाही."

इथं मी कर्त्या पुरुषाच्या थाटात निकाल दिला, "बाल्कनीत मांडा."

वादी कबीरमध्ये राहणारं कुणीही शेंबडं पोर तुम्हाला सांगेल की बाल्कनीत मटण ठेवू नये. इथले कावळे गावच्या कावळ्यांसारखे मानापमान बघत नाहीत. पण हात दाखवून अवलक्षण करणं हा आमचा जुना उद्योग आहे. शुक्रवारी उन्हं उतरताना मी मिश्काक आणायला गेलो. पाच काड्या घेतल्या, वर चिंचेची चटणी घातली, आणून अण्णांच्या फोटोपुढे ताटलीत ठेवल्या आणि हात धुवायला आत गेलो.

परत आलो तर ताटलीत, मिश्काकच्या वर, चटणीत माखलेली, अण्णांची कवळी हसत होती.

"सई, हे कुठून आणलंस?"

"ब्लू डब्यातून. बाबा, टीथ नसतील तर आजोबा खाणार कसे?"

दहा वर्षांच्या पोरीला जे एका मिनिटात कळलं ते मला चौदा महिन्यांत कळलं नव्हतं. मी कवळी उचलायला हात पुढे केला, तेवढ्यात आवाज आला, "बाबू, काय रे हे? कुणाचं लग्न आहे?"

स्टँडवर मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये आई. सईने व्हिडिओ कॉल लावून ठेवला होता. आईच्या चष्म्याची एक काडी मोडलेली, तिला दोरा बांधलेला, त्यामुळे ती मोबाइल अगदी नाकाला लावून बघते. पडद्यावर निम्मं कपाळ आणि एक डोळा, बाकी काही नाही. मी चटकन ताटलीच्या आड उभा राहिलो.

"आजी, हा मेक्सिकोचा सण आहे," सई सांगू लागली. "आजोबांना जे आवडायचं ते सगळं ठेवायचं."

"बरी दिसतात ती माणसं," आई म्हणाली. "आवडीचं ठेवतात. आपण मेल्यावरही भाताचा गोळाच पुढे करतो. बाबू, बाजूला हो, मला ताट दिसत नाही."

"ताटात काही विशेष नाही गं आई."

"मग हो की बाजूला."

मी मागे हात नेऊन चाचपत एक कवटी उचलली आणि अंदाजाने कवळीवर ठेवली. ती घरंगळली. दुसरी ठेवली, तीही घरंगळली. मनाली मला डोळ्यांनी विचारत होती, काय चाललंय? (कवळी आपल्याकडे राहिली हे तिला ठाऊक होतं. मी ती कधीच पाठवून दिली, असं मी तिला सांगितलं होतं. एक खोटं झाकायला दुसरं, आता कवट्याही कमी पडत होत्या.) शेवटी मी खिशातून रुमाल काढला आणि ताटलीवर टाकायला वळलो.

तो वळलो आणि कठड्यावर कावळा.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. आईने मोबाइलमधून आम्हा दोघांकडे पाहिलं. मग तो उतरला, ताटलीवर बसला, पाच काड्या मटण बाजूला ठेवून त्याने नेमकी कवळी उचलली आणि गेला.

"शिवला!" आई ओरडली. "अरे शिवला रे बाबू! नऊ महिन्यांनी शिवला! काय नेलं त्याने? कशात अडकला होता जीव?"

मी म्हणालो, "मटण."

सई म्हणाली, "नो आजी, आजोबांचे टीथ."

पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. चपला न घालता जिना उतरलो. कावळा समोरच्या डिश अँटेनावर बसला होता, चोचीत अण्णांची कवळी. मी खालून हाका मारत होतो, टाळ्या वाजवत होतो, गयावया करत होतो. इमारतीशेजारच्या वर्कशॉपमधली माणसं काम टाकून बघायला आली. कावळ्याने तिथं काही प्रयोग करून पाहिले, त्याला जमेना, आणि त्याने कवळी सोडून दिली.

ती पडली थेट घरमालकाच्या वडिलांच्या पुढ्यात. म्हातारबुवा ओमानी, नव्वदीचे, रोज संध्याकाळी इमारतीखाली खुर्ची टाकून काळा चहा पीत बसतात. आकाशातून दात पडलेले पाहून त्यांनी सर्वांत आधी स्वतःच्या तोंडात बोट घालून बघितलं. आपले आहेत अशी खात्री झाल्यावर त्यांनी ते उचलले.

"ये तुम्हारा?" त्यांनी विचारलं.

"मेरा बाबा का."

"बाबा किदर?"

"बाबा खलास," मी म्हणालो. इथल्या हिंदीत याहून बरं कसं म्हणतात ते मला येत नाही.

म्हातारबुवांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं. मग खांद्यावरच्या फडक्याने कवळीवरची चटणी अगदी हळू पुसली. "किदर खलास?"

"इंडिया."

"बाबा इंडिया, दात इदर?" ते माझ्याकडे बघत राहिले. "क्यों?"

नऊ महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. भावकीने नाही, बायकोने नाही. या माणसाला थाप मारायचं मला काही कारण नव्हतं, आणि मारण्याइतकी हिंदीही नव्हती. मी म्हणालो, "बाबा बोला, दात भेजो. मैं बोला बुकरा." बुकरा म्हणजे उद्या. "हर जुम्मा बाबा पूछा, हर जुम्मा मैं बोला बुकरा. चौदा महिना बुकरा. फिर बाबा खलास."

भर रस्त्यात, अनवाणी, वर्कशॉपच्या माणसांसमोर मी लहान पोरासारखा रडायला लागलो. अण्णांच्या बातमीला मी रडलो नव्हतो, दहाव्याला रडलो नव्हतो. म्हातारबुवांनी कवळी दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली आणि आपला चहा माझ्यापुढे केला.

मागून आवाज आला, "मला ठाऊक होतं बाबू."

सई माझ्यामागे धावत आली होती. तिच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये आईचं निम्मं कपाळ आणि एक डोळा.

"काय ठाऊक होतं?"

"मला नाही तर कुणाला? भात मीच कुसकरून देत होते. रोज विचारायचे, बाबूचं पार्सल आलं का? मी म्हणायचे, निघालंय, येतंय. तेच पोस्टमास्तर, आणि त्यांनाच मी पार्सल वाटेत आहे म्हणून सांगायचे."

"मग तू मला विचारत का होतीस, काय राहिलं म्हणून?"

"तू सांगशील म्हणून." आईचा डोळा मोबाइलच्या आणखी जवळ आला. "दहाव्याला पण वाटलं, आता बोलेल. आता बोलेल. चार माणसांत मी कसं काढू? आपलेच दात, आपलेच ओठ."

मला वाटलं होतं ती चिडेल. ती चिडली असती तर फार बरं झालं असतं.

"आता ती घेऊन ये," आई म्हणाली. "कुणाबरोबर नको. पार्सलने नको. तू ये."

सईचा व्हिडिओ शाळेत गेला. त्यात झेंडू, कवट्या, अण्णांचा फोटो आणि मग कावळ्यामागे धावणारे तिचे वडील आहेत. बाईंनी मेक्सिकोतही असं करतात का, असं लिहून विचारलं. सईने उत्तर दिलं, "नाही, हे आमच्या गावचं आहे."

पंधरा दिवसांनी मी गावी गेलो. मस्कतच्या विमानतळावर बॅग तपासणाऱ्या मुलीने पडद्यावर बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. मी हसून माझे दाखवले. विमानात कोंबडी दिली. मी ती बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी, दोघंच, नदीवर गेलो. आईने पानावर भात ठेवला, शेजारी कवळी ठेवली. मी हात जोडले आणि पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो, "अण्णा, कवळी आणली. उशीर झाला." एवढंच. आंब्यावरून एक कावळा आला आणि त्याने भाताला चोच लावली. आईने पदराने डोळे पुसले. मी गुडघाभर पाण्यात जाऊन कवळी सोडली. ती बुडेपर्यंत उभा राहिलो, मग काठावर येऊन आईशेजारी बसलो. कावळा निवांत खात होता. नऊ महिन्यांनी माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता. उन्हात आईच्या चष्म्याचा दोरा सुटून गालावर लोंबत होता आणि ती तो हाताने सावरत होती. मला एकदम भरून आलं.

"आई," मी म्हणालो, "हा चष्मा आता टाकून दे. मस्कतला गेलो की नवा करून लगेच पाठवतो."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग आंब्याकडे पाहिलं.

कावळा अर्धा भात तसाच टाकून उडून गेला.